गावाचं कोविड स्मृतिस्थळ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोविडच्या काळात गेलेल्या माणसांसाठी गावात, वॉर्डात किंवा सोसायटीत एखादी जागा करावी, असं बऱ्याच जणांच्या मनात असतं. पुढे काय करायचं, इथे गाडी अडते. अशा लोकांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं लिहिताना महाराष्ट्रातली गावं आणि तालुक्याची शहरं डोळ्यासमोर होती. महानगरांत परवानग्यांचा मामला वेगळा असतो, बाकीचं बहुतेक सगळं तिथेही लागू पडेल. आमचं एक मत आधीच सांगून टाकतो, कारण ते पुढे सगळीकडे डोकावणार आहे : आधी यादी, मग चौथरा.

एवढी वर्षं झाली. आता हे उकरून कशाला काढायचं?

हा प्रश्न बहुतेक वेळा ज्यांच्या घरातलं कुणी गेलं नाही ते विचारतात. घरातलं माणूस गेलेले वेगळं बोलतात. ते म्हणतात, "आमच्याकडे कुणी आलंच नाही."

आपल्याकडे मयत म्हणजे एका घराचा मामला नसतो. तिरडीला खांदा द्यायला भावकी येते, तिसऱ्या दिवशी सावडायला माणसं जातात, दहाव्याला घाटावर कावळा शिवेपर्यंत सगळे ताटकळतात आणि नंतर महिनाभर लोक भेटायला येत राहतात. मार्च २०२० च्या टाळेबंदीत अंत्यविधीला २० माणसांची मर्यादा आली. कोविडच्या मयताला तर कित्येकदा तेवढीही नव्हती. गुंडाळलेला देह, लांबून दाखवलेली पेटी, पीपीई घातलेले अनोळखी कर्मचारी आणि घरचे सगळे विलगीकरणात. २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत एकाच घरातून आठवड्याभरात दोन-दोन माणसं गेली आणि मागे राहिलेल्याला रडायलाही सवड मिळाली नाही. दुखवटा झालाच नाही, तो राहून गेला आहे. राहून गेलेलं काम उशिरा केलं म्हणून ते उकरून काढणं ठरत नाही.

दुसरं कारण जुनं आहे. १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ महाराष्ट्रात 'मानमोडी' म्हणून ओळखली गेली. त्या साथीत हिंदुस्थानात सव्वा ते पावणेदोन कोटी माणसं गेली असा अंदाज आहे. १९११ ते १९२१ हे जनगणनेच्या इतिहासातलं देशाची लोकसंख्या घटलेलं एकमेव दशक, आणि त्याला मुख्य कारण हीच साथ. आता तुमच्या गावात मानमोडीत कोण गेलं हे कुणाला विचारून बघा. बहुतेक गावांत एकही नाव मिळणार नाही. शंभर वर्षांत एवढं सगळं पुसलं जातं.

स्मारकापेक्षा त्या घरांना मदत करणं महत्त्वाचं नाही का?

आहे. म्हणूनच यादी आधी. घरोघर जाऊन नावं लिहायला लागलात की स्मारकाच्या आधीची कामं समोर येतात. आईवडील दोघेही गमावलेल्या मुलांसाठी राज्य सरकारने पाच लाखांची मुदत ठेव जाहीर केली होती. त्या ठेवीचे कागद कुणाकडे आहेत? चुलत्याकडे असतील तर त्या मुलाला ते माहीत आहे का? नवरा गेलेल्या बाईच्या नावावर घर लागलं का, सातबाऱ्यावर वारस नोंद झाली का, संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज मध्येच कुठे अडकला आहे का? वहीत नावासमोर एक रकाना या गोष्टींसाठी ठेवा. स्मृतिस्थळ उभं राहिलं नाही आणि नुसता हा रकाना भरून निघाला, तरी आम्ही ते काम झालं असंच धरू.

यादी नेमकी कशी करायची?

ग्रामपंचायतीच्या किंवा नगरपालिकेच्या मृत्यू नोंदवहीपासून सुरुवात करू नका. नोंद मृत्यू जिथे झाला तिथे होते. तालुक्याच्या, जिल्ह्याच्या किंवा पुण्या-मुंबईच्या दवाखान्यात गेलेल्या माणसाची नोंद तिथल्या कार्यालयात असते, गावात नसते. शिवाय नेहमीच्या मृत्यू दाखल्यावर कारण लिहिलेलं नसतं.

आशाताईंपासून सुरुवात करा. त्या काळात ऑक्सिमीटर घेऊन दारोदार फिरलेल्या त्याच. कोणत्या घरात कोण आजारी होतं, कुणाला कोणत्या गाडीतून नेलं, कोण परत आलं नाही, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. त्यांच्या खालोखाल ॲम्ब्युलन्सचे चालक, स्मशानात लाकडं पुरवणारे, कब्रस्तानाचे मुजावर, चर्चच्या नोंदी ठेवणारे. वाडीवस्तीवर एक तरी म्हातारी अशी असते जिला सगळ्या घरांची हालहवाल पाठ असते. तिच्याकडे दोनदा जा, कारण पहिल्या खेपेला ती फक्त चहा पाजते.

वही कागदाचीच ठेवा. व्हॉट्सॲप ग्रुपवर नावं मागवू नका. एखाद्याचं नाव चुकून आधी तिथे झळकलं आणि घरच्यांना कुणी विचारलेलंच नसलं, तर त्या घराचं दार तुमच्यासाठी बंद झालं म्हणून समजा.

कोविडनेच गेले याचा पुरावा नाही. नाव घ्यायचं का?

घ्यायचं. पुरावा मागायला स्मृतिस्थळ हे काही सरकारी कार्यालय नाही.

सरकारी आकड्यानुसार महाराष्ट्रात कोविडने सुमारे १ लाख ४८ हजार मृत्यू झाले. देशाच्या बाबतीत जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२२ मध्ये मांडलेला २०२० आणि २०२१ या दोन वर्षांतल्या अतिरिक्त, म्हणजे नेहमीच्या वर्षापेक्षा जास्त झालेल्या मृत्यूंचा अंदाज ४७ लाखांच्या घरात होता. नोंदलेल्या आकड्याच्या तो जवळजवळ दहापट. केंद्र सरकारने त्याच्या पद्धतीवर आक्षेप घेतला आणि तो वाद आपल्या चौथऱ्यावर मिटणार नाही. पण चाचणी न होता घरी गेलेली, 'न्यूमोनिया' किंवा 'हृदयक्रिया बंद' अशी नोंद झालेली माणसं प्रत्येक गावात आहेत. पन्नास हजारांच्या सानुग्रह मदतीसाठीसुद्धा २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर निकष सैल करावे लागले : चाचणी पॉझिटिव्ह आल्यापासून ३० दिवसांत मृत्यू झाला तर तो दवाखान्याबाहेर झाला असला तरी कोविडचाच धरायचा, आणि त्या मुदतीतली आत्महत्याही धरायची. सरकार एवढं सैल होऊ शकतं, तर गावाने त्याहून सैल व्हायला हरकत नाही.

आमची सूचना अशी की दगडावर 'कोविडने मृत्यू' असं लिहूच नका. 'साथीच्या काळात गेलेली आपली माणसं' एवढं पुरे. त्यात डायलिसिस चुकल्याने गेलेला येतो, कोविड सेंटरमुळे नेहमीचा वॉर्ड बंद होता म्हणून बाळंतपणात गेलेली येते, आणि टाळेबंदीत धंदा बुडाल्यावर ज्याने स्वतःला संपवलं तोही येतो.

घरच्यांना नाव नको असेल तर?

मग नाही. कारण विचारायचं नाही, गळ घालायची नाही. घरात दोन मतं असली, म्हणजे बायकोला नाव हवं आणि दिराला नको असं असलं, तर बायकोचं ऐका. मुलं सज्ञान असतील तर त्यांनाही विचारा. वर्षादोन वर्षांनी मन बदलतं, म्हणून जागा मोकळी ठेवा.

नावं कशी लिहायची? 'कै.', 'स्व.', 'मर्हूम'?

काहीच नको. कै. लिहिलं की बौद्ध घरातून 'कालकथित'चा आग्रह होतो, मुस्लिम घरातून 'मर्हूम'चा, आणि तो रास्तच असतो. नुसतं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आडनाव, वय. पाटील, सरपंच, डॉक्टर, सर, महाराज या पदव्या गाळा. लोक ज्या हाकेने ओळखत ती मात्र जरूर घाला. 'अप्पा', 'माई', 'बाबूशेठ' वाचल्यावर माणूस डोळ्यासमोर उभा राहतो.

बायकांच्या बाबतीत जरा थांबून विचार करा. सासरचं नाव दगडावर जाणारच, पण माहेरची माणसं ते नाव शोधत येतात तेव्हा त्यांना काही सापडत नाही. घरच्यांची हरकत नसेल तर माहेरचं आडनावही कोरून घ्या.

क्रम हा भांडणाचा विषय आहे. वाडीप्रमाणे लावला की ते जातीप्रमाणे लावल्यासारखं होतं, कारण आपल्या वाड्या तशाच वसलेल्या आहेत. वर्णाक्षरांचा क्रम सोपा, पण कोरडा. आम्हाला मृत्यूच्या तारखेचा क्रम सगळ्यात बरा वाटतो. तारखा कोरल्या नाहीत तरी चालेल, क्रम तेवढा पाळा. त्याने चार दिवसांच्या अंतराने गेलेले नवराबायको शेजारीशेजारी येतात, आणि कुणाच्या मोठेपणाचा प्रश्नच उरत नाही.

कोरण्याआधी प्रत्येक घराकडून आपापल्या नावाच्या शुद्धलेखनावर सही घ्या. ऱ्हस्व-दीर्घाची चूक कागदावर खोडता येते, बेसॉल्टवर नाही.

गावात कामाला आलेले परप्रांतीय मजूर, त्यांचं काय?

तेही आपलेच. ८ मे २०२० ला पहाटे औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ रुळांवर झोपलेल्या १६ मजुरांना मालगाडीने चिरडलं. ते जालन्याहून भुसावळकडे चालत निघाले होते, तिथून मध्य प्रदेशात आपल्या घरी जायचं होतं म्हणून. घर त्यांचं तिकडे, मृत्यू मात्र आपल्या मातीत. तुमच्या हद्दीतही वीटभट्टीवर, उसाच्या फडात, हायवेच्या कडेला कुणी गेलं असेल. नाव कळलं तर नाव घाला. नाही कळलं तर 'वाटेत गेलेला एक माणूस' असं लिहा, पण एक ओळ द्या.

रूप काय असावं? आम्हाला वाटलं होतं पुतळा.

कुणाचा? हाच पहिला अडथळा आहे. १८९६ साली मुंबईत प्लेगचं निदान सगळ्यात आधी करणारे डॉ. अकासिओ व्हिएगास मूळचे गोव्याचे. त्यांचा पुतळा धोबी तलावाला मेट्रो सिनेमासमोर आहे. त्या प्लेगमध्ये गेलेल्या हजारो मुंबईकरांची नावं मात्र कोणत्याच चौकात नाहीत. वांद्र्याला गल्लीबोळांत जे जुने क्रूस दिसतात, त्यांतले बरेचसे प्लेग टळावा म्हणून उभे केलेले. गावागावांतली मरीआईची ठाणीही साथ वेशीबाहेर राहावी म्हणूनच. साथीशी लढणाऱ्याचा पुतळा होतो, साथ टाळणाऱ्या देवीचं देऊळ होतं, आणि ज्यांना साथीने नेलं ते दोन्हीकडून सुटतात.

बाहेरच्या देशांत लोकांनी निरनिराळ्या वाटा काढल्या. लंडनमध्ये थेम्सच्या काठी, संसदेच्या समोरच्या बाजूला, सेंट थॉमस रुग्णालयाच्या लांबलचक भिंतीवर २९ मार्च २०२१ पासून नातेवाइकांनी लाल बदाम रंगवायला घेतले, एका माणसामागे एक. आता ते दोन लाखांच्या पुढे गेले आहेत. सुरुवातीचा रंग उन्हापावसात फिका पडला, म्हणून स्वयंसेवक ठरल्या दिवशी येतात आणि टिकाऊ रंगाने पुन्हा गिरवतात. वॉशिंग्टनमध्ये सप्टेंबर २०२१ मध्ये सुझॅन ब्रेनन फर्स्टेनबर्ग या कलाकार बाईंनी हिरवळीवर सहा लाखांहून जास्त पांढरी निशाणं रोवली. लोक आपल्या माणसाचं नाव निशाणावर लिहून जात. ते काही आठवड्यांचंच होतं, पण तेवढंही पुरलं. इटलीत बेर्गामोला रुग्णालयाजवळच्या बागेत झाडी लावली. लष्कराचे ट्रक शवपेट्या घेऊन त्या शहरातून निघाले ती तारीख १८ मार्च, तीच तिथे स्मरणदिन म्हणून पाळतात.

आपल्याला मात्र फार लांब जायला नको. बहुतेक जुन्या गावांत मारुतीच्या पाराजवळ एखादी वीरगळ असते : खाली लढाई, मध्ये मृत्यू, वर स्वर्ग. गुरं राखताना पडलेल्या साध्या माणसाचाही दगड आपल्याकडे शतकांपूर्वी उभा केला जात होता. अलीकडची उदाहरणंही आहेतच. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीत स्मृतिस्तंभ झाला, ३० जुलै २०१४ ला डोंगर कोसळून गाडल्या गेलेल्या माळीणमध्येही. पण किल्लारीला नि माळीणला एक जागा होती आणि एक तारीख होती. साथीला यातलं काहीच नाही. माणसं गेली ती शाळेच्या वर्गात, मंगल कार्यालयात, मैदानावरच्या जम्बो सेंटरमध्ये. मांडव उतरला, खाटा निघाल्या, वर्गात पुन्हा पाढे सुरू झाले. बघायला काही उरलंच नाही, म्हणून जागा मुद्दाम करावी लागते.

एक पार, एक झाड, बसायला कट्टा, नावांचा दगड आणि प्यायचं पाणी. याहून जास्त काही करायचा मोह आवरा, असं आमचं स्पष्ट मत आहे. कारंजी दोन वर्षांत बंद पडतात.

झाड कोणतं?

वड किंवा पिंपळ लावायचा असेल तर जागा मोठी हवी आणि चौथऱ्यापासून अंतर हवं, नाहीतर मुळं दगड उचकटतात. छोट्या जागेला बकुळ उत्तम, सावकाश वाढते पण सावली आणि वास दोन्ही देते. कोरडवाहू भागात कडुनिंब किंवा करंज. कोकणात सुरंगी, बकुळ, सोनचाफा. गुलमोहर दिसायला छान, पण वादळात पहिला तोच पडतो.

माणसागणिक एक झाड लावायचं ठरवलंत तर हिशोब नीट करा. रोप लावायला एक दिवस लागतो, जगवायला तीन उन्हाळे. मेलेलं रोप बघून त्या घराला जे वाटतं ते भयंकर असतं. म्हणून आम्ही सगळ्यांचं मिळून एकच झाड सुचवतो, किंवा नावाची पाटी न लावता झाडी. रोपं सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकेत मिळतात. टँकरची सोय पंचायतीकडून आधी लेखी घ्या.

दगड कोणता घ्यावा?

घाटावर काळा पाषाण, आणि पाथरवटाकडून छिन्नीने खोल कोरून. ग्रॅनाइटवर मशीनने वरवर कोरून सोनेरी रंग भरतात तो काही वर्षांत उडतो, अक्षरं वाचता येत नाहीत. संगमरवरावर डाग पडतात. कडाप्प्याचे पापुद्रे सुटतात. जांभा चौथऱ्याला चांगला, पण सच्छिद्र असल्याने त्याच्यावर बारीक अक्षर धरत नाही, तेव्हा कोकणात नावांपुरती पाषाणाची फरशी बसवा. अक्षर म्हाताऱ्या माणसाला चष्म्याशिवाय हाताने चाचपता यावं इतकं मोठं हवं. बरेच जण येऊन नावावर हातच फिरवतात.

जागा आणि परवानगी?

रस्ता, फुटपाथ, चौक सोडून द्या. १८ जानेवारी २०१३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने सार्वजनिक रस्त्यांवर, पदपथांवर आणि सार्वजनिक वापराच्या अशा जागांवर पुतळे किंवा बांधकामं उभारायला परवानगी देता येत नाही. पुतळ्यासाठी राज्य शासनाचे वेगळे नियम आणि जिल्हा पातळीवरची मंजुरी लागते, हे त्यापासून लांब राहण्याचं आणखी एक कारण. गायरानाच्याही नादी लागू नका.

सगळ्यात सोपी जागा म्हणजे पंचायतीच्या किंवा जिल्हा परिषदेच्या मालकीची, आधीच लोकांच्या वापरात असलेली : प्राथमिक आरोग्य केंद्राचं आवार, वाचनालयाचं अंगण, शाळेच्या मैदानाची कड, तळ्याकाठचा जुना पार. ग्रामसभेत विषय घ्या, ठराव करा, ठरावात देखभाल कोण करणार हेही लिहून घ्या. आवार आरोग्य विभागाचं किंवा जिल्हा परिषदेचं असेल तर त्यांचं नाहरकत पत्र. शहरात नगरपालिकेच्या बागेसाठी मुख्याधिकाऱ्यांकडे अर्ज. सोसायटीत सर्वसाधारण सभेचा ठराव पुरतो.

स्मशानभूमीत करू नका. तिथे बायका जात नाहीत, मुलं जात नाहीत, आणि सगळ्या धर्मांची ती एक नसतेच.

पैसे कुठून?

वर्गणीतून, आणि वर्गणी छोटी ठेवा. सार्वजनिक वर्गणी गोळा करणार असाल आणि नोंदणीकृत संस्था नसेल, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१ क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी काढा. गणेश मंडळं काढतात तीच. तुमच्या गावातल्या मंडळाच्या खजिनदाराला सगळे कागद तोंडपाठ असतील, त्याला सोबत घ्या. पावतीपुस्तक, बँकेचं खातं, आणि शेवटी हिशोबाचा कागद पंचायतीच्या फळ्यावर.

परदेशात असलेले गावकरी मोठी रक्कम देऊ करतात. त्यांतल्या अनेकांनी आईवडिलांचे अंत्यसंस्कार व्हिडिओ कॉलवर पाहिलेले असतात. विमानं बंद होती, यायची सोयच नव्हती. त्यांची वर्गणी इतरांइतकीच घ्या, आणि त्यांना एक काम द्या : आपल्या माणसाबद्दल चार पानं लिहून पाठवायची. ते त्यांना पैशांपेक्षा अवघड जातं, पण बहुतेक जण पाठवतात. परकीय चलनातली थेट देणगी मात्र एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालच्या नोंदणीशिवाय स्वीकारू नका.

स्थानिक नेते म्हणतात, सगळा खर्च आम्ही करतो, फक्त कमानीवर नाव हवं.

कमानच करू नका. कमान नसली की नाव लावायला जागा राहत नाही. कोनशिला, 'यांच्या सौजन्याने', 'यांच्या शुभहस्ते' यांतलं काहीही दगडावर येणार नाही, हे ग्रामसभेच्या ठरावातच लिहा. मग कुणा एकाला नाही म्हणायची वेळ येत नाही.

कोविडमध्ये काम केलेल्यांची नावं घालायची का?

कामावर असताना जे गेले त्यांची नावं यादीत आहेतच : आशा, परिचारिका, पोलीस, सफाई कामगार, एसटीचे चालक-वाहक, शिक्षक, पत्रकार. नावापुढे काम लिहा. जिवंत असलेल्यांचा सत्कार हा वेगळा कार्यक्रम आहे. तो वेगळ्या दिवशी, वेगळ्या जागी करा. एकाच दगडावर गेलेले आणि सत्कारमूर्ती आले की थोड्याच दिवसांत तो सत्काराचा दगड होतो.

एक अपवाद आम्ही करू : ज्यांनी परक्यांची मयतं केली. अनेक शहरांत मुस्लिम तरुणांच्या गटांनी हिंदूंच्या चिता रचल्या, त्यांच्या पद्धतीने विधी केले. घरचे दवाखान्यात होते किंवा घाबरून पुढे येत नव्हते. तुमच्या गावात असं कुणी असेल तर पहिल्या कार्यक्रमात पाणी वाहायला त्यांना बोलवा. भाषण नको.

ऑक्सिजन मिळाला नाही, बेड मिळाला नाही, बिलाने कंबर मोडली. हा राग कुठे मांडायचा?

राग खरा आहे आणि तो झाकू नये. नाशिकला झाकीर हुसेन रुग्णालयात २१ एप्रिल २०२१ ला ऑक्सिजनच्या टाकीतून गळती झाली आणि वीसहून अधिक रुग्ण गेले. दोनच दिवसांनी विरारला अतिदक्षता विभागाला आग लागली. त्याच आठवड्यात कळंबोलीहून विशाखापट्टणमला गेलेली पहिली ऑक्सिजन एक्स्प्रेस भरून परत येत होती. ज्यांची माणसं त्या दिवसांत तळमळून गेली त्यांना 'ईश्वरेच्छा' ऐकवू नका.

पण दगडावर आरोप कोरू नका. सिद्ध न झालेला आरोप नावानिशी कोरला तर खटला गावावर होईल, आणि नावं बाजूलाच राहतील. राग वहीत लिहून घ्या, रेकॉर्ड करून घ्या, तारीखवार. कुठे फोन केले, किती वाजता, काय उत्तर आलं, इंजेक्शन किती रुपयांना घेतलं, कुणाचे दागिने मोडले. या नोंदी वाचनालयात ठेवा. उद्या कुणी या काळाचा इतिहास लिहायला बसलं तर त्यांना यांचाच आधार लागणार आहे.

वेबसाइट करावी का? क्यूआर कोड?

केलीत तरी चालेल, पण तिच्यावर विसंबू नका. डोमेनचे पैसे भरणारा मुलगा नोकरीला लागला की साइट बंद पडते, आणि दगडावरचा क्यूआर कोड कुठेच घेऊन जात नाही. छापील दोन प्रती, एक वाचनालयात, एक शाळेत.

फोटो लावायचे?

उन्हात फोटो पांढरे पडतात. वहीत लावा.

कोणता दिवस पाळायचा?

देशाने असा दिवस ठरवलेला नाही, त्यामुळे निवड तुमची. पितृपक्षातली सर्वपित्री अमावास्या अनेकांना जवळची वाटते, पण मग ते एकाच धर्माचं होतं. आम्हाला १० मार्च हा दिवस पटतो. १८९७ मध्ये याच तारखेला सावित्रीबाई फुले गेल्या, पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना प्लेग होऊन. महाराष्ट्रातले कोविडचे पहिले रुग्ण ९ मार्च २०२० ला पुण्यातच सापडले. मार्चमध्ये परीक्षा असतात, ऊन चढलेलं असतं, ही अडचण आहे. सकाळी आठला करा, नऊला संपवा.

विधी कोणते?

जागेवर कोणताच नाही. घरचे येऊन आपापलं करतील : कुणी दिवा लावेल, कुणी फातिहा पढेल, कुणी मेणबत्ती ठेवेल, कुणी वंदना घेईल. दोन नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणाच्या दिवशी, ख्रिस्ती कुटुंबं येतील. पारशी समाजाला तर त्या काळात दोखम्याचा, म्हणजे उघड्या मनोऱ्यात देह ठेवण्याचा विधीच करता येत नव्हता आणि तो प्रश्न फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सुटला. प्रत्येकाचं काहीतरी राहून गेलंय. सामूहिक कार्यक्रमात नावं मोठ्याने वाचायची, एवढंच ठेवा. वाचणारी घरचीच माणसं असावीत. हार, उदबत्ती, चादर यांसाठी बाजूला एक कोनाडा ठेवा, नाहीतर अक्षरं तेलकट होतात.

दिवा लावायचा तर तो साथीत नवरा गमावलेल्या बायकांच्या हातून लावा, आणि त्याआधी त्यांना कुंकू, फुलं, ओटी द्यायला लाजू नका. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीने कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य सरकारने त्याच महिन्यात परिपत्रक काढून इतर गावांनाही तसं करायला सांगितलं. त्या ठरावामागे साथीत एकट्या पडलेल्या बायकाच होत्या. तुमच्या गावात तसा ठराव झाला नसेल तर स्मृतिस्थळाच्या ग्रामसभेत तोही विषय घ्या.

चपला काढायच्या का?

ज्याला वाटेल त्याने काढाव्यात. तशी पाटी लावू नका.

देखभाल, आणि रात्री तिथे बाटल्या घेऊन बसणारे?

बसतील. दिवा लावा, कट्टा रस्त्यावरून दिसेल असा ठेवा, झुडपं कापा. झाडलोट पंचायतीच्या कर्मचाऱ्यावर टाकून मोकळे होऊ नका. घरं वाटून घ्या, महिन्याला एक घर. कुठल्याही समितीपेक्षा हे जास्त टिकतं, कारण आपल्या माणसाच्या नावावर धूळ बसलेली कुणालाच बघवत नाही.

नाव राहून गेलं तर?

राहणारच. दगडाचा निदान चौथा हिस्सा कोरा सोडा आणि तसं का सोडलंय ते कुणी विचारलं तर सांगा. पंचायतीत एक वही ठेवा. नवं नाव आलं की घरच्यांची सही घ्यायची, शुद्धलेखन तपासायचं, आणि वर्षभराची नावं फेब्रुवारीत एकदमच कोरून घ्यायची. उशिरा आलेल्या नावांना तारखेचा क्रम सांभाळता येणार नाही, ते चालेल. पाथरवटाचा फोन नंबर वहीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवा. तो कामानिमित्त गाव बदलत असतो, म्हणून त्याच्या भावाचाही घ्या.